मशीन भजनासाठी नको, स्वयंपाकघरासाठी घ्या

पत्राचा सारांश (नाव-गाव गाळून): डिचोली तालुक्यातले हे वाचक ६७ वर्षांचे आहेत. खनिजवाहू बार्जवर २६ वर्षं इंजिन ड्रायव्हर होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा घरी आले. गेली चार-पाच वर्षं कानाचा त्रास आहे. ते लिहितात, ‘आवाज येतो, शब्द कळत नाही. मुलाचं बोलणं बरंच कळतं, पण सून तोंडातल्या तोंडात पुटपुटते. सहा वर्षांची नात हल्ली मला काही सांगतच नाही.’ टीव्हीच्या आवाजावरून रोज वाद होतो. देवळातल्या भजनाला जातात, पण मागे बसतात. एका दुकानात फुकट तपासणी करून घेतली, तिथं कानाच्या मशीनची ६५,००० रुपयांची जोडी सुचवली. ऑनलाइन मात्र नुसता आवाज वाढवणारं १,२०० रुपयांचं अँप्लिफायर दिसलं. त्यांचे प्रश्न: ‘स्वस्तातलं कुठलं घ्यावं? मला ते भजन आणि टीव्हीपुरतंच हवं. कुणाला दिसू नये इतकं लहान हवं. मशीनची सवय लागून उरलंसुरलं ऐकणंही जातं म्हणतात, ते खरं का?’ ता. क.: पत्र लिहिल्याचं घरी सांगितलेलं नाही.

नमस्कार.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, प्रश्न किमतीचा आहे. दुसऱ्यांदा वाचताना सुनेवरच्या वाक्याशी थांबले. मुलाचं कळतं, सुनेचं कळत नाही, नातीचं तर नाहीच. तुम्ही ही सुनेची तक्रार म्हणून लिहिली आहे. एखाद्या ऑडिओलॉजिस्टनं, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञानं, हे वाक्य ऐकलं, तर तो सुनेला सोडून तुमच्या कानांबद्दल अंदाज बांधू लागेल.

वयानं किंवा गोंगाटानं कान जातो तेव्हा तो सगळीकडून सारखा जात नाही. आधी जातात ते बारीक, उंच पट्टीचे आवाज. पेटीच्या उजवीकडच्या पट्ट्या मुक्या व्हाव्यात आणि डावीकडच्या शाबूत राहाव्यात, तसं. बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर डावीकडचे, जाड आणि दणकट. स, श, फ, त, ट, क ही व्यंजनं उजवीकडची, हलकी. स्वरांमुळे कुणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते व्यंजनांमुळे कळतं. सून विचारते, ‘ताट घेऊ?’ तुमच्यापर्यंत पोहोचतो मधला ‘आ’. मग ते ताट, पाट, खाट की काठ, हे तुम्ही तिचं तोंड बघून आणि घड्याळ बघून ठरवता. जेवायची वेळ असली की जमून जातं. ती पाठमोरी फोडणी देत असेल आणि वर पंखा फिरत असेल तर जमत नाही. बायकांचा आणि मुलांचा आवाज मुळात उंच पट्टीतला, म्हणून तुमच्या कानांची सगळ्यात जास्त गैरसोय त्या दोघींपाशीच होते. सून पुटपुटत नसेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही, मी तिला ऐकलेलं नाही. पण सहा वर्षांची मुलगीही पुटपुटते, असं तुम्हीसुद्धा म्हणणार नाही.

आता बार्ज. आवाजाचा साधारण मान्य हिशेब असा आहे: ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, असं उतरत १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं उरतात. आमोण्याच्या धक्क्यावरून माल भरून मुरगावला पोहोचेपर्यंत इंजिनाशेजारी तुमचे किती तास जात, ते तुम्हालाच ठाऊक. कानात कापसाचा बोळा घालत असाल तरी त्यानं फारसं काही अडलं नसेल. अशा गोंगाटानं आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी मरतात आणि त्या परत उगवत नाहीत. तेलानं नाही, थेंबांनी नाही, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतल्या काढ्यानंही नाही. अर्थात मी डॉक्टर नाही. तुमच्या बाबतीत हेच झालंय की कानात नुसता मळ दडलाय, हे कानात डोकावल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून ‘कुठलं घ्यावं’ याआधी ‘कशासाठी घ्यावं’ हे सोडवू. तुम्ही लिहिलंय, भजन आणि टीव्हीपुरतं.

टीव्हीचा प्रश्न सगळ्यात सोपा, आणि त्यासाठी कानाचं मशीन लागतच नाही. टीव्हीला हेडफोन लावा, वायरचा किंवा ब्लूटूथचा, काही शे रुपयांत भागतं. टीव्हीचा आवाज खोली ओलांडून, भिंतींवर आपटून येण्याऐवजी थेट कानात येतो, म्हणून कमी आवाजातही जास्त कळतं. काही टीव्हींना हेडफोन जोडला की स्पीकर बंद पडतो, काहींत दोन्ही चालू ठेवता येतात. सेटिंग मुलाला बघायला सांगा. मात्र हेडफोनचा आवाज एकदा बेताचा लावून घ्या आणि तिथंच ठेवा. इतरांचा त्रास वाचला म्हणून आपल्या कानात इंजिन रूम उघडायची नाही.

भजनाचं उलट आहे. मशीन सगळ्यात कमी उपयोगी पडेल ती जागा तीच. सभामंडपात टाळ, पखवाज, पेटी आणि दहा-पंधरा गळे, वर पत्रे. तिथं आवाज कमी पडतोय अशी तुमची तक्रार नाहीच. स्वस्त अँप्लिफायर हे सगळं एकत्र उचलून तुमच्या कानात ओतेल आणि टाळ सुरीसारखा लागेल. चांगलं महागडं श्रवणयंत्रसुद्धा बोलण्यासाठी जुळवलेलं असतं, त्यातून गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं. काही यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळणी असते, ती मागून घ्यावी लागते. पण तुमचा खरा उपाय बिनपैशाचा आहे. तुम्ही मागे बसू लागलात, तेवढं उलटं करा. पुढे बसा, मुख्य गायकाच्या तोंडासमोर, टाळकऱ्यांपासून लांब. अभंग तुम्हाला पाठ आहेत, ओळीचा पहिला शब्द ओठांवरून कळला की पुढचं मनातून येईल. गणपतीच्या चवथीला बंद खोलीत घुमट या मातीच्या तालवाद्यावर आरत्या रंगतात तेव्हा तर, मशीन असलंच, तर काढून खिशात ठेवा. तुमच्या कानांनी आयुष्यभराचा कोटा आधीच भरलेला आहे.

मग उरलं काय? स्वयंपाकघर. सोप्यावर संध्याकाळी बसून होणाऱ्या गप्पा. बँकेची खिडकी, मासळीवालीचा भाव, डॉक्टरनं सांगितलेली गोळ्यांची वेळ. ज्यासाठी मशीन लागणार आहे ते तुम्ही यादीत घातलेलंच नाही. ‘भजन आणि टीव्हीपुरतंच’ असं म्हणता तेव्हा नेमकं हेच वगळता.

आता तुमचं १,२०० रुपयांचं अँप्लिफायर. त्यात मायक्रोफोन, आवाज वाढवणारं सर्किट आणि इयरफोन असतो, म्हणजे देवळातल्या लाउडस्पीकरचा धाकटा भाऊच. डावीकडच्या पट्ट्या तुम्हाला मुळात ऐकू येतात, हा त्याही वाढवतो. पंखा, मिक्सर, रस्त्यावरची मोटरसायकल, सगळं वाढतं. ‘ताट’मधला ‘आ’ दुप्पट होतो, ‘त’ जिथल्या तिथं. शिवाय दुखावलेल्या कानाची एक खोड असते: हळू आवाज पोहोचत नाही आणि मोठा आवाज सहन होत नाही. दोन्हींमधली फट अरुंद झालेली असते. तुमच्या घरी असं होतं का बघा. दोनदा ‘काय?’ विचारल्यावर सून तिसऱ्यांदा आवाज चढवते, आणि तुम्ही म्हणता, ‘ओरडतेस कशाला?’ यात दोघांचीही चूक नसते. डिजिटल श्रवणयंत्र हळू आवाज जास्त वाढवतं, मोठा आवाज कमी वाढवतं, आणि तेही तुमच्या तपासणीच्या आलेखाप्रमाणे, पट्टीपट्टीनं. जास्तीचे पैसे त्याचे असतात.

पण अँप्लिफायर म्हणजे कचरा, असंही मी म्हणणार नाही. ऐकण्यातली घट सौम्य असेल, खोली शांत असेल आणि समोर एकच माणूस बोलत असेल, तर ते कामाला येतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाशी बोलायला, किंवा इस्पितळातली तारीख मिळेपर्यंत वेळ काढायला ते बरं. विकत घेण्याआधी एक फुकटचा प्रयोग करून बघा. अँड्रॉइड फोनवर गूगलचं ‘साउंड अँप्लिफायर’ नावाचं मोफत ॲप मिळतं. वायरचे इयरफोन लावायचे, फोन सुनेच्या जवळ टेबलावर ठेवायचा आणि ती बोलेल ते ऐकायचं. हळू-मोठा, जाड-बारीक असा फरक त्यात बोटानं करता येतो. बारीक आवाज वाढवल्यावर शब्द उलगडू लागले तर तुम्हाला कशाची गरज आहे ते तुमचं तुम्हालाच कळेल. त्याच कंपनीचं ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ मराठी बोलणं पडद्यावर लिहून दाखवतं. चुका करतं, कधी हसू येईल अशा. पण डॉक्टरसमोर बसलेले असताना उपयोगी आहे.

तरीही अँप्लिफायर घ्यायचंच असेल, तर या गोष्टी पाहा. आवाज कमी-जास्त करायची चकती किंवा बटण हवं, आणि ते तुमच्या बोटांना सापडायला हवं. कानात बसणारी रबरी टोकं तीन-चार मापांची हवीत. ढिलं बसलं की शिट्टी वाजते. कमाल आवाज किती डेसिबल हे खोक्यावर छापलेलं हवं. अमेरिकेनं २०२२ साली डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या श्रवणयंत्रांचे नियम केले, त्यात ही मर्यादा १११ डेसिबल ठेवली, आणि मोठा आवाज आपोआप दाबणारी यंत्रणा असेल तर ११७. खोक्यावर हा आकडाच नसेल तर ते मशीन कानात किती जोरानं ओतेल हे सांगायला कुणी बांधील नाही. ‘एफडीए रजिस्टर्ड’ (एफडीए म्हणजे अमेरिकेचं औषध-उपकरणांचं नियंत्रण खातं) या शिक्क्याला भुलू नका. नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे. आणि परत करायची मुदत किमान आठवडाभराची असेल तरच पैसे भरा.

परत करायचं की ठेवायचं हे ठरवायला एक घरगुती कसोटी आहे. ऑडिओलॉजिस्ट ती मुलांसाठी रोज वापरतात, लिंगची सहा ध्वनींची चाचणी म्हणतात तिला. मशीन कानात घालून बसा. दुसऱ्या माणसानं दोन-तीन हातांवर उभं राहून, तोंडापुढे कागद धरून, रोजच्या आवाजात आणि उलटसुलट क्रमानं सहा ध्वनी काढायचे: आ, ई, ऊ, म, श, स. तुम्ही ऐकाल ते म्हणायचं. मशीनशिवाय एकदा करा, मशीन घालून एकदा. आ, ऊ आणि म तुम्हाला आत्ताही येतील. मशीन घालूनही ‘श’ आणि ‘स’ येत नसतील, तर किंमत १,२०० असो की ६५,०००, ते मशीन किंवा त्याची जुळणी तुमच्या कामाची नाही.

या सगळ्याच्या आधीची पायरी मात्र तपासणीची. दुकानातली फुकट तपासणी खोटीच असते असं नाही, पण ती करणाऱ्याला संध्याकाळपर्यंत मशीन विकायचं असतं. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) कान-नाक-घसा विभागात आधी दाखवा. डॉक्टर कानात बघतील. मळ असेल तर काढतील, पडद्याला भोक किंवा आत पाणी असेल तर त्यावर इलाज आहे, आणि मग कदाचित मशीनची गोष्टच निघणार नाही. (घरी काडी, हेअरपिन, चावी यांनी कान कोरू नका. मळ बाहेर येण्याऐवजी आत ठासला जातो.) नंतर ऑडिओमेट्री, म्हणजे बंद खोलीत हेडफोन लावून, बारीक ‘टूं’ ऐकू आलं की बटण दाबायचं. त्याचा कागद, ऑडिओग्राम, मागून घ्या आणि जपून ठेवा. वाचायला सोपा असतो. डावीकडून उजवीकडे २५० ते ८,००० हर्ट्झ, म्हणजे जाड आवाजाकडून बारीक आवाजाकडे. वरून खाली डेसिबल. लाल गोळे उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. रेघ जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. इंजिनाच्या आवाजानं गेलेल्या कानात ती ४,००० हर्ट्झपाशी खड्ड्यासारखी खचलेली दिसते; वयाची घट असेल तर उजवीकडे उताराला लागते. तुमच्या कागदावर दोन्ही दिसली तर नवल नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीप्रमाणे दोन्हींतल्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाची सरासरी २० ते ३५ डेसिबलच्या आत असेल तर घट सौम्य, ३५ ते ५० मध्यम, त्याच्या पुढे ती वाढत जाते. सौम्य असेल तर वरचे किरकोळ उपाय आणि शिस्तीनं वापरलेलं अँप्लिफायर यांवर काही काळ निभेल. मध्यम किंवा पुढे असेल तर १,२०० रुपये वाया घालवू नका. ते पैसे मशीनच्या बॅटऱ्यांना लागतील.

याच पत्राच्या निमित्तानं इतर वाचकांसाठी थोडं. एका कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. त्यावरचं औषध लवकर सुरू झालं तरच उपयोग होतो. एकाच कानाची घट, एकाच कानात सतत गुणगुण, कानातून पू किंवा रक्त, दुखणं, भोवळ, यांतलं काही असेल तर मशीनच्या दुकानाची पायरी चढायचीच नाही, आधी इस्पितळ.

आता ६५,०००. दोन्ही कानांना कानामागं बसणारी, कॉम्प्युटरवर जुळवता येणारी साधी डिजिटल यंत्रं याहून बरीच कमी किमतीत मिळतात. एका कानाची सुरुवात दहा-पंधरा हजारांच्या आसपास होते. दुकानदार ‘इतके चॅनेल, तितके चॅनेल’ (चॅनेल म्हणजे वेगळी जुळवता येणारी आवाजाची पट्टी) असं सांगून आकडा चढवत नेईल. माझं मत विचाराल तर चॅनेलपेक्षा जुळणी करणाऱ्याचा हात मोठा. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा, विचारायला लाजू नका. घरी आठवडाभर वापरून बघायला देईल का? पुढच्या दोन-तीन जुळण्या किमतीत धरल्या आहेत का? यंत्र बिघडलं तर दुरुस्ती गोव्यात होणार की मुंबईला पाठवणार? या प्रश्नांची उत्तरं टाळणाऱ्याकडून हजारांचंही घेऊ नका.

सरकारी मदतीचे दोन रस्ते आहेत. ६० वर्षांवरच्या, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या लोकांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना, २०१७ पासून. तिच्यात श्रवणयंत्र मोफत मिळतं. दुसरी दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची ‘एडिप’ योजना. तिला ४० टक्क्यांचा दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, आणि उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर पूर्ण खर्च, ३०,००० पर्यंत असेल तर निम्मा. दोन्हींची यंत्रं बहुतेक वेळा ‘अलिम्को’ या सरकारी कंपनीच्या शिबिरांतून दिली जातात. मामलेदार कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. शिबिर जाहीर झाल्यावर धावाधाव करणारे नेहमी पुढच्या शिबिरावर जातात. पंचायतीत आणि समाजकल्याण खात्यात तारखांची चौकशी करा. तिथं यंत्र मिळालं तरी ऑडिओग्राम घेऊन जुळणी करून घ्यायला विसरायचं नाही.

‘दिसू नये इतकं लहान’ याविषयी. तुमचे हात इंजिनाचे आहेत. कानाच्या आत लपणाऱ्या यंत्राची बॅटरी मसूरडाळीएवढी, बटण असलंच तर टाचणीच्या टोकाएवढं. ते मशीन तुम्ही महिनाभरात शिव्या घालून कपाटात टाकाल. कानामागचं घ्या, ‘१३’ नंबरच्या नारिंगी कागदाच्या बॅटरीचं किंवा चार्जिंगचं. आणि लपवून काय होतं ते आमच्या मामीकडून ऐका. ऐकू न आलेल्या प्रत्येक गोष्टीला मान डोलावून ‘होय, होय’ म्हणायची तिला सवय होती. एका वर्षी अशीच मान डोलावत तिनं वाड्यावरच्या अख्ख्या माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांच्या सजावटीचं) सामान आणायचं कबूल केलं. चवथीच्या आदल्या दिवशी लोक दारात आले, ‘कांगलां खंय, घागऱ्यो खंय?’ तेव्हा कुठं घरच्यांना कळलं की हिला ऐकू येत नाही. त्याआधी तीन वर्षं सगळे म्हणत होते, मामी हल्ली किती समजूतदार झालीय. कानामागं दिसणारं मशीन समोरच्याला एक गोष्ट न बोलता सांगतं: माझ्याकडे तोंड करून बोल.

सवयीची भीती बिनबुडाची आहे, एक अपवाद सोडून. तपासून, जुळवून बसवलेल्या यंत्रानं उरलेलं ऐकणं जात नाही. लोकांना तसं वाटतं, कारण यंत्र काढल्यावरची शांतता आधीपेक्षा जास्त जाणवते. अपवाद म्हणजे कमाल आवाजाचं बंधन नसलेलं स्वस्त अँप्लिफायर पूर्ण वाढवून तासनतास वापरणं. त्यानं खरंच इजा होऊ शकते. उलट, काही न करता वर्षं घालवली तर माणूस हळूहळू गप्पांतून उठतो. मध्यम वयापासूनची श्रवणघट हा स्मृतिभ्रंशाचा टाळता येण्याजोगा एक धोका आहे, असं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०१७ पासून मांडलं आहे. मशीन लावलं की विसराळूपणा टळेल असा त्याचा सरळ अर्थ नाही, आणि तसं सांगून विकणाऱ्यापासून सावध राहा. पण नात काही सांगायची बंद झाली, हे नुकसान मोजायला आयोग लागत नाही.

मशीन आलं की पहिल्या दिवशी निराशा होईल, हे आत्ताच सांगते. स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा येईल. नळ, पिशवीची चुरचुर, पंख्याची घरघर, ताटावर चमचा, सगळं अंगावर येईल. मेंदूनं हे आवाज वर्षानुवर्षं ऐकलेलेच नसतात, कुठले सोडून द्यायचे हे त्याला पुन्हा शिकावं लागतं. पहिला आठवडा घरात, शांत खोलीत, तासाभराच्या दोन खेपा. मग एका माणसाशी गप्पा, त्यानंतर जेवणाच्या वेळी, मग सोप्यावर. बाजार आणि लग्नाचा हॉल शेवटी. रोज वर्तमानपत्राचा अर्धा रकाना मोठ्यानं वाचा, स्वतःच्या आवाजाची सवय लवकर होते. महिन्याभरानं काय खटकलं ते वहीत लिहून जुळणीला परत जा. ‘बरं नाही वाटत’ असं सांगितलं तर तो काही करू शकत नाही. ‘ताटल्यांचा आवाज टोचतो, नातीचा कळत नाही’ असं सांगितलं तर करू शकतो. शिट्टी वाजली तर टोक नीट बसलेलं नाही, किंवा कानात मळ साठलाय.

आणि आपला गोव्याचा दमटपणा! मिरगापासून चवथीपर्यंत मशीन घामानं आणि हवेतल्या पाण्यानं मरतं. झाकण घट्ट बसणाऱ्या डबीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, रात्री यंत्र त्यात ठेवा, बॅटरीचं दार उघडं टाकून. डोक्याला खोबरेल लावण्याआधी आणि आंघोळीआधी काढायचं. कोरड्या मऊ फडक्यानं पुसायचं, स्पिरिटनं नाही. जस्ताच्या बॅटरीवरचा रंगीत कागद काढला की ती चालू होते आणि कागद परत चिकटवून थांबत नाही. काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मगच बसवा. एक गंभीर गोष्ट: जुन्या बॅटऱ्या नातीच्या हाताला लागू देऊ नका. बटणाएवढी बॅटरी मुलानं गिळली तर आत जखम होते, ताबडतोब इस्पितळ गाठावं लागतं. कुत्रा असेल तर तोही मशीन चघळतो, आवडीनं.

घरच्यांनी पाळायचं मी थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हीच त्यांना सांगायला हवं. बोलण्याआधी नाव घ्यायचं. समोर येऊन, उजेडात तोंड ठेवून बोलायचं, दुसऱ्या खोलीतून नाही. ओरडायचं नाही, थोडं सावकाश. एकदा कळलं नाही तर तोच शब्द पुन्हा न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगायचं, ‘ताट घेऊ?’ नाही कळलं तर ‘जेवायला वाढू?’ आणि तुम्ही ‘काय?’ न म्हणता जेवढं कळलं तेवढं सांगायचं: ‘काहीतरी घेऊ म्हणालीस, काय घेऊ?’ म्हणजे तिला एकच शब्द परत सांगावा लागतो, अख्खं वाक्य नाही.

ता. क. मध्ये तुम्ही लिहिलंय की या पत्राबद्दल घरी सांगितलेलं नाही. ते सांगावं लागेल. तोंडापुढे कागद धरून ‘श’ आणि ‘स’ म्हणायला कुणीतरी हवंच, आणि मुलाचा आवाज तुम्हाला आधीच कळतो. सुनेला बसवा समोर. सहा ध्वनी कुठले ते तिला लिहून द्या, आणि क्रम बदलायचं काम नातीकडे.